तुझ्या गाठी मी विळ्याने कापल्या

मंगलाचे माय,

तुझी पाण्याची पितळी गुंडी काल मेहकरला गेली. प्रदीपनं ती गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली, खाली पोतं, दोन्ही बाजूंनी उशा. सून म्हणाली, "पोचा पडते, सांभाळून." तू ती गुंडी जन्मभर कंबरेवर घेऊन विहिरीवरून येत होती, तेव्हा तिच्याखाली कोणी उशी ठेवली नव्हती. गाडी वळणावरून गेली, मी ओट्यावर बसलो, आणि मनात आलं, ही गुंडी तू खरंच प्रदीपला ठेवली होती का? की मंगलाला? की तिसऱ्याच कोणाला?

आता ते कळायला मार्ग नाही. तू तुझ्या परीनं सगळं मांडून ठेवलं होतं. मोडलं ते मी.

तुला जाऊन सव्वा महिना झाला. लोक येतात, बसतात, चहा पितात, म्हणतात, "आबा, बाई सोन्यावानी होती." मी मान हलवतो. त्यांना काय सांगू? जे सांगायचं ते तुलाच सांगायचं आहे, आणि तोंडानं ते मला कधी जमलं नाही. म्हणून नातीची अर्धी कोरी वही घेऊन बसलो आहे. शिक्षण चौथीपर्यंतचं, अक्षर वाकडं. तू असती तर म्हटलं असतं, "लिवा, लिवा. आता लिवा."

एवढ्याचसाठी तर तू माझ्या मागे लागली होती. दोन ओळी लिहून ठेवा म्हणून.

पहिल्यांदा तू विषय काढला तो शेजारच्या किसनाच्या तेरवीहून येताना. आपण तिकडे जेवत होतो आणि त्याची दोन पोरं गोठ्याच्या जागेवरून एकमेकांच्या अंगावर धावली होती. पंगत अर्धी उठली. तू रस्त्यातच म्हणाली, "आपुनबी लिवून ठेवू. तुमचं तुमी, माह्यं मी."

मी म्हटलं, "तुह्यं काय हाये वं लिवाले?"

"काऊन? साखरखेर्ड्याचं दीड एकर हाये. बापानं मह्या नावावर केलेलं. भांडे हायेत. गळ्यातली एकदाणी हाये."

"मराची घाई झाली काय तुले?"

तू गप झाली. मला वाटलं, मी जिंकलो.

दुसऱ्यांदा म्हणाली ती बसमध्ये. बुलडाण्याला तुझ्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं, आपण घरी परत येत होतो, नंदी मागच्या सीटवर पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. खिडकीचा वारा लागू नये म्हणून तू पदर कानावरून घेतला होता. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "साखरखेर्ड्याचं नंदीले द्याचं. बाकीच्याईले तुमचं लय हाये. तिले कोनाचंच नाई."

खरंच होतं. तुझ्या चुलतबहिणीची ती पोर. माय-बाप दोन्ही गेले तेव्हा चार वर्षांची, हिरव्या झग्यात, नाक वाहत असलेली, तू तिला काखेत घेऊन आली होती. मला विचारलंही नाही. प्रदीप-मंगलाच्या ताटाशेजारी तिसरं ताट मांडलं, झालं. तिघं एका खाटेवर झोपून वाढले. लग्न करून नांदुऱ्याला दिली, तर तिचा नवरा पाच वर्षांत गेला. भाड्याची खोली, एक पोरगी, दुसऱ्यांच्या घरच्या पोळ्या. तरी तुझ्या आजारपणात आठ महिने पोरीला घेऊन इथे राहिली. तुझी उष्टी-खरकटी, तुझं न्हाणं-धुणं, सगळं तिनं केलं. पण दत्तक घेतल्याचा कागद आपण कधी केला नव्हता. आपल्या घरात पोर वाढवायला कागद कशाला लागतो, असं मीच म्हणायचो.

मी म्हटलं, "मी हाये ना. मह्या तोंडचा शब्द कोनी मोडतं काय?"

तू म्हणाली, "आन् तुमी आंधी गेले तं? आन् नाई गेले, तरी शबुद काय तलाठ्याच्या दप्तरात राह्यते?"

मला राग आला. मेहकर येईपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. टाके ओले असलेल्या बाईशी.

तिसऱ्यांदा तर तू सगळं ठरवूनच ठेवलं होतं. बाजाराच्या दिवशी वांगी विकता विकता वकिलाच्या माणसाशी बोलून आली. सोमवारी या म्हणाला. सोमवारी तू चांगलं लुगडं नेसली, सातबारा पिशवीत घातला, चहा करून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "चला."

मी गेलो नाही. कांद्याला पाणी द्यायचं आहे म्हणालो. पाण्याची पाळी आपली बुधवारची होती, हे तुलाही माहीत होतं.

"मंग मी एकटीनं जाऊ काय? लोकं म्हनतीन, नवऱ्याच्या चोरून लिवून आली."

"नोको जाऊ मंग."

तू लुगडं बदललं, घडी घातली, आणि विळा घेऊन माझ्या आधी शेतात गेली.

आज तुला खरं कारण सांगतो. अपशकुन-बिपशकुन काही नव्हतं. त्याआधी दोन वर्षांपूर्वी मी एका कचेरीत रांगेत उभा होतो. टेबलावरच्या पोरानं विचारलं, "आजोबा, सही की अंगठा?" मी छाती काढून म्हटलं, "सही." पेन घेतलं आणि नाव लिहायला लागलो. तुला माहीत आहे, मी नाव लिहितो तेव्हा एकेक अक्षर बैलासारखं हाकत न्यावं लागतं. मागून कोणी तरी म्हणालं, "बुढा सातबारा लिवून राह्यला काय?" सगळी रांग हसली. तो पोरगाही हसला. मी तेव्हाच ठरवलं, आता कोणत्याही वकिलाच्या, कारकुनाच्या टेबलापुढे हातात पेन धरायचं नाही. गावात माझ्या शब्दाला मान आहे, तेवढा पुरे.

तुझं दीड एकर माझ्या त्या एका सहीपायी अडलं. तुला मी हे सांगितलं असतं तर तू हसली नसती. हे मला तेव्हाही माहीत होतं, तरी सांगितलं नाही.

त्यानंतर तू विषय काढायची तेव्हा मी उठून ओट्यावर जायचो. मग तू काढायचंच सोडलं.

आणि मागच्या हिवाळ्यात एक दिवस मी शेतातून आलो तर फळीवरच्या सगळ्या भांड्यांना चिंध्या. गुंडीच्या गळ्याला एक, परातीच्या कडीला एक, पाटा-वरवंट्याला, डब्याच्या कडीला, शिलाई मशीनच्या चाकाला, कुठे लाल, कुठे चौकड्याची, कुठे पांढरी. तू खाटेवर उशीला टेकून बसली होती, दम लागलेला, पण तोंडावर काही तरी काम उरकल्याचं समाधान होतं. मी म्हटलं, "हे काय वं? झाडाले नवस बांधल्यावानी?"

तू म्हणाली, "तुमाले तं वाचता येते ना? वाचा मंग."

मी हसलो. बुढी भ्रमली, असं समजलो. तू पण हसली, पण माझ्याकडे बघत राहिली. थोडा वेळ वाट बघितली असशील. मी तंबाखू मळत बाहेर गेलो.

मला कळायला हवं होतं. जन्मभर तू बाजाराला जाताना पदराला गाठी मारत आली. मिठाची एक, प्रदीपच्या औषधाची एक, माझ्या तंबाखूची एक. मी चिडवायचो, "पदर हाये का वही?" तू म्हणायची, "वही हारपते, पदर हारपत नाई." बाजारातून आली की एकेक गाठ सोडायची आणि एकेक वस्तू काढून ठेवायची. एकही वस्तू कधी राहिली नाही. असं लिहिणारी बाई भांड्यांना चिंध्या बांधते, आणि चौथी शिकलेल्या नवऱ्याला ते वाचता येत नाही.

आणि "वाचता येते ना" हे तू उगीच म्हणाली नव्हती. ते मी विसरलो होतो, तू नाही. मंगलाच्या लग्नाच्या वेळची गोष्ट. लग्नात भांडी इकडची तिकडे होतात म्हणून मी घरची सगळी पितळ मेहकरला नेली आणि एकेका भांड्यावर नाव टाकून आणलं. माझं नाव. पूर्ण, गावासकट. तू गुंडी हातात घेऊन बोटानं ती खोदलेली अक्षरं चाचपली. म्हणाली, "हे तं मह्या मायनं देल्ली होती. हिच्यावर तुमचं नाव काऊन?"

मी म्हटलं, "मंग कोनाचं टाकू? तुह्यं? तुले वाचता तरी येते काय?"

लग्नाचं घर, पाहुणे बसलेले. चारचौघांत म्हटलं. तू गुंडी ठेवली आणि आत गेली. वीस-बावीस वर्षांनी तू त्याचं उत्तर दिलं, आणि तेही हसून.

होळीच्या आधी तू गेली.

दहाव्याला घर स्वच्छ करायचं. बाया जमल्या, ओट्यावर भांड्यांचा ढीग, चिंच आणि राख. गल्लीतल्या शेषरावची बायको म्हणाली, "आबा, ह्या चिंध्या कायच्या?" मी म्हटलं, "काढून टाका. सुतकाच्या घरात चिंध्या ठेवत असते काय?" तुझ्या गाठी सुटेनात. तू गाठ मारायची ती दातानंही सुटायची नाही. बाया नखं लावून दमल्या. मग मी उठलो. भिंतीचा विळा घेतला आणि एकेक गाठ कापली. मीच. नंदी हातातली परात घेऊन उभी होती. एवढंच म्हणाली, "आबा, राहू द्या ना त्या." मी तिच्यावर ओरडलो, "तुले काय कळते?" ती खाली बसली आणि परात घासायला लागली.

चिंध्या गोळा करून मी न्हाणीच्या चुलीत टाकल्या. त्यावर पाणी तापलं. त्या पाण्यानं मी आंघोळ केली.

तेरवी झाली. चौदाव्या दिवशी पोरं बसली. मला वाटलं, वाटणी म्हणजे मी सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं. मी सांगितलं, "साखरखेर्ड्याचं दीड एकर नंदीले. तुमच्या मायची इच्छा होती."

 प्रदीप म्हणाला, "आबा, मायनं कुठं लिवलं हाये?"

"मले सांगतलं."

"कवा? कोनासमोर?"

"बसमदी."

"बसमदी," तो म्हणाला. हसला नाही, पण मला ती कचेरीतली रांग आठवली. "आबा, तुमच्या सांगन्यावर तलाठी नाव चढवत नाई. आता वारस तिघं. तुमी, मी आन् ताई. नंदीचं नाव त्याच्यात बसतच नाई. कायद्यानं ती कोनीच नाई." त्यात त्याचं चुकलं नव्हतं. मेहकरात खता-बियाण्यांचं दुकान चालवतो, कागदाचं त्याला कळतं. त्याला पोरं शिकवायची आहेत. वाईट पोरगा नाही तुझा. पण कागद नसला की चांगल्या माणसाचीही नजर जमिनीवर जाते.

गुंडीवरून तर मंगला आणि सून समोरासमोर. मंगला म्हणाली, "आजीची हाये, मले पाह्यजे." सुनेनं गुंडी फिरवली आणि नाव दाखवलं. "हे पाहा, मामाजीचं नाव हाये. मंजे घरची हाये. घरची ते घरात राह्यते." माझं नाव! त्या नावानं तुझी गुंडी तुझी राहिलीच नव्हती. मी तोंड उघडलं, पण सांगणार काय? मीच टाकून आणलं होतं. मंगला रडत सासरी चिखलीला जायला निघाली. पिशवी भरली, चपला घातल्या.

जाता जाता तिनं तुझी पत्र्याची पेटी उघडली. "मायचं एखांदं लुगडं नेतो" म्हणाली. तळाशी दुधाची पिशवी, पिशवीत गुंडाळलेला सातबारा, आणि त्याला बांधलेली हिरवी चिंधी. पेटीला कुलूप होतं म्हणून ही एक माझ्या विळ्यातून सुटली होती. मंगलानं ती बोटांत धरली, उजेडात नेली.

"आबा, हा नंदीच्या झग्याचा तुकडा हाये. लहानपनच्या." मग ती तिथेच पेटीजवळ बसली. "पदराले गाठी मारे तसं... आबा, त्या भांड्याईच्या चिंध्या कुठं हायेत?"

मी म्हटलं, "जाळल्या."

मंगलानं तोंडाला पदर लावला.  लाल म्हणजे मंगलाचं पोलकं असेल. चौकड्याचा म्हणजे प्रदीपचा सदरा. पण लाल कशावर होती? चौकडा परातीवर होता की मशीनवर? मी हातानं कापल्या, आणि एकाचाही रंग बघितला नाही.

मी स्वयंपाकघरात गेलो. नंदी भाकरी करत होती. विचारलं, "तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग बोलली काऊन नाई?"

तिनं भाकरी उलटली. "मह्याच झग्याची चिंधी होती त्याच्यात, आबा. मी कोन्या तोंडानं बोलू?"

"कोनती कशाले होती ते तरी सांग."

"मी निस्त्या फाडून देल्ल्या. बांधतानी मावशीनं मले बाहेर बसोलं. म्हने, तू पाहू नोको, उद्या तुह्यावर आळ येईन."

बघ, तुला एवढं पुढचं दिसत होतं. आणि जमिनीचं विचारलं तर ती पोर म्हणाली, "मले नोको आबा. मावशीनं मले वाढोलं, त्याच्यात आलं सारं." तव्यावरून तिची नजर हलली नाही. तुझ्याच हातची मानी पोर आहे. तिला हवं असेलही, पण मागणार नाही.

मंगला त्या दिवशी गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "मह्या वाट्याचं मी नंदीले लिवून देतो. गुंडीबी नेऊ द्या त्याईले." प्रदीपनं ती चिंधी हातात घेतली, बघितली, परत ठेवली. म्हणाला, "चिंधी मंजे कागद नाई, आबा." मग बऱ्याच वेळानं, "पाहू." काल गुंडी न्यायला आला तेव्हाही पुन्हा विचारलं. "पाहू" म्हणाला. आधी "नाही"च म्हणायचा, आता "पाहू" म्हणतो. त्यावर मी जगून आहे.

मागच्या सोमवारी मी मेहकरला गेलो. एकटा नाही, शेषराव आणि त्याचा भाऊ, दोन साक्षीदार घेऊन. वकील तरणा पोरगा आहे. म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगा, आम्ही टाइप करतो." मी सांगितलं. शेत, घर, विहिरीची पाळी, बैलगाडी, सगळं कोणाचं ते. आणि तुझ्या दीड एकरात माझ्या वाट्याला जे येईल ते नंदीचं. भांडी लिहायची का, म्हणाला. मी म्हटलं, लिहा, एकेक लिहा.

मग कचेरीत टेबलापुढे गेलो. बाईनं विचारलं, "सही की अंगठा?" मागे रांग होती. मी म्हटलं, "सही. आन् येळ लागन. ज्याले घाई हाये त्यानं च्या पिऊन यावं." एकेक अक्षर हाकत नेलं, गावासकट. कोणी हसलं की नाही, मी मागे वळून बघितलं नाही. घाम आला, बस. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी मी तुला ते लुगडं बदलायला लावलं.

आता पारावर बसतो तेव्हा ज्याला त्याला सांगतो, कागद करून ठेवा, अंगात जोर आहे तोवर करा, बायकोचाही करा. म्हातारे हसतात. "काय आबा, मराची घाई झाली काय?" माझेच शब्द मला परत मिळतात.

एक सांगायचं राहिलं. परवा ऊन द्यायला माझं जुनं धोतर काढलं. त्याचा काठाकडचा एक पट्टा फाडलेला आहे, सरळ, नंदीच्या हातानं फाडल्यासारखा. म्हणजे त्या चिंध्यांत ती पांढरी माझी होती. कशाला तरी तू माझीही गाठ बांधली होती. तुझ्या पाठीमागे मी काय वापरावं, कशाकडे बघावं, हे तू ठरवून ठेवलं होतं. मी इतकं सगळं करूनही तू मला वाटणीतून वगळलं नाही. आणि मी ती कापली, जाळली, त्या पाण्यानं न्हालो.

पोरांनी त्यांचं नेलं. फळीवर थोडं राहिलं आहे. तांब्या, एक गंगाळ, डबा, तुझं चहाचं पातेलं. यातच माझं काही असेल, किंवा माझं जे होतं ते गाडीत बसून गेलंही असेल. सकाळी चहा झाला की मी एकेक भांडं मांडीवर घेतो. तुझी गाठ घट्ट असायची. पितळेवर कुठे तरी तिचा वळ राहिला असेल म्हणून गळ्यावरून, कडेवरून, बुडापर्यंत बोट फिरवतो.

बोटाला लागतं ते माझंच नाव.